अर्थिंग आहे, पण किती ओहमचं?

या वेळी अर्थ फॉल्ट आणि लूप इम्पिडन्सवरची पत्रं एकत्र घेतली आहेत. जवळपास ३० वर्षं मी वीजजोडण्या तपासल्या. कुठेही गेले की विचारायचे, "अर्थिंग आहे का?" उत्तर लगेच यायचं, "आहे ना!" मग मी विचारायचे, "किती ओहम?" तिथे बहुतेक जण थांबायचे. मला या विषयात जे काही सांगायचं आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच आहे.

उत्तरांआधी लूप म्हणजे काय ते सांगते. फेजची तार सुटून मशीनच्या बॉडीला चिकटली, म्हणजे अर्थ फॉल्ट झाला, की करंट अर्थच्या तारेने बोर्डापर्यंत जातो, तिथून पुरवठ्याच्या अर्थिंगमार्गे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल टोकाला पोहोचतो, वाइंडिंगमधून जातो आणि फेजच्या तारेने परत त्याच जागी येतो. या अख्ख्या फेऱ्याचा विरोध म्हणजे लूप इम्पिडन्स, आपल्या नोंदीतला झेडएस. त्यातला बोर्डाच्या बाहेरचा भाग म्हणजे झेडई. खाली सगळीकडे २३० व्होल्टचा पुरवठा धरला आहे.

ताई, मी वायरमन आहे. सॉकेटचं अर्थिंग बघताना मी फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा टेस्ट लॅम्प लावतो. न्यूट्रलवर जितका उजेड पडतो तितकाच अर्थवर पडला की काम बरोबर, असं मी समजतो. आमचे साहेब म्हणतात हे पुरेसं नाही. का?

तुमचे साहेब बरोबर सांगतात. कारण मात्र आकड्यांतूनच पटतं, म्हणून थोडा हिशेब करू.

पेटलेल्या १०० वॉटच्या दिव्याचा विरोध साधारण ५२९ ओहम असतो. समजा अर्थच्या तारेत कुठेतरी ढिला किंवा गंजलेला जोड आहे आणि त्यामुळे लूप १० ओहमची झाली आहे. मग दिव्यातून करंट जाईल २३० भागिले ५३९, म्हणजे ०.४३ अँपिअर. दिव्यावर जवळपास २२६ व्होल्ट पडतील. न्यूट्रलवर २३०, अर्थवर २२६. हा फरक उजेडात कुणाच्याही डोळ्याला कळणार नाही. तुम्ही "ओके" म्हणून पुढच्या सॉकेटकडे जाल.

आता त्याच सॉकेटवरच्या मशीनमध्ये फेज बॉडीला चिकटला असं धरा. करंट किती? २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. मागे सी-१६ एमसीबी आहे, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा १६ अँपिअरचा स्विच. सी जातीची एमसीबी झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे खात्रीने पडायला १६० अँपिअर. २३ अँपिअर म्हणजे रेटिंगच्या १.४४ पट. मानकाप्रमाणे १.४५ पट करंटला एमसीबीने एका तासाच्या आत पडायचं असतं. म्हणजे तुमची एमसीबी तासभर तशीच उभी राहिली तरी ती बिघडलेली नाही, नियमातच आहे.

त्या तासभरात काय होतं ते बघा. विरोधाचा जवळजवळ सगळा भाग त्या खराब जोडात आहे, म्हणून मशीनची बॉडी २२० व्होल्टच्या आसपास असते. आणि त्या जोडात २३ अँपिअर वाहताना ५ किलोवॉटइतकी उष्णता तयार होते. जोड भिंतीतल्या डबीत असेल तर पुढे काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. शॉक आणि आग, दोन्ही एकाच ढिल्या स्क्रूमधून.

दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, आणि प्रश्न आहे १६० अँपिअरचा. मल्टिमीटर तर दिव्यापेक्षाही फसवा. त्याचा स्वतःचा विरोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे तारेचा एकच धागा टेकलेला असला तरी तो फेज-अर्थमध्ये पूर्ण २३० दाखवतो. अर्थ तुटलेला आहे का एवढं कळण्यापुरता टेस्ट लॅम्प जवळ ठेवा, पण "अर्थिंग बरोबर आहे" असं त्याच्या भरवशावर लिहून देऊ नका. आणि लावायचा असेल तर आधी बॉडीला कुणाचा हात नाही हे बघा. अर्थ मध्येच तुटलेला असेल तर दिव्यातून आलेला फेज थेट त्या बॉडीवर चढतो.

आमच्या शेवटच्या सॉकेटवर लूप टेस्टरने १.२ ओहम दाखवले. मागे सी-१६ एमसीबी आहे आणि तक्त्यात तिच्यासाठी लूपची कमाल मर्यादा १.४४ ओहम आहे. सॉकेट बोर्डापासून ४३ मीटरवर. फेजची तार २.५ चौरस मिलिमीटर, अर्थची १.५. बोर्डावर झेडई ०.३५ आला. पास धरायचं ना?

पत्र वाचून फार बरं वाटलं. तारेची लांबी, जाडी, झेडई, एमसीबीची जात, सगळं लिहिलंय. असं पत्र आलं की उत्तर नेमकं देता येतं. उत्तर मात्र "नाही" आहे.

१.४४ हा आकडा २३० भागिले १६० असा आला आहे. तो दोषाच्या क्षणी तारेचं जे तापमान असेल त्याला लागू होतो. तुम्ही मोजलंत तेव्हा सर्किटवर लोड नव्हता, तारा गार होत्या. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांची तार पूर्ण लोडवर ७० अंशांवर गेली की विरोध सुमारे २० टक्के वाढलेला असतो. तुमचे १.२ सरसकट २० टक्क्यांनी वाढवले तर थेट १.४४ होतात, काठावर. बाहेरचा भाग इतका तापत नाही हे खरं, पण त्याच वेळी पुरवठा २१० व्होल्टवर उतरलेला असला तर? १६० च्या जागी १४६ अँपिअरच मिळतील. मग एमसीबी झटक्यात पडेलच असं सांगता येत नाही.

म्हणून आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ च्या सहाव्या भागात, मोजलेला आकडा कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशाच्या आत असावा अशी पद्धत दिली आहे. तुमच्यासाठी ती मर्यादा ०.९६ ओहम.

आता दुसरा प्रश्न, माझ्या मते जास्त मोलाचा. हे १.२ आले कुठून? २.५ ची तांब्याची तार २० अंशांवर किलोमीटरला ७.४१ ओहम, १.५ ची १२.१ ओहम. दोन्ही मिळून मीटरला १९.५ मिलिओहम. ४३ मीटरचे ०.८४ ओहम. त्यात झेडई ०.३५ मिळवा, १.१९. तुमच्या टेस्टरने १.२ दाखवले. म्हणजे एकही जोड खराब नाही, विरोध सगळा तारेच्या लांबीचा आहे. हेच सॉकेट १५ मीटरवर असतं तर आकडा ०.६४ च्या आसपास यायला हवा होता, आणि तिथे १.२ दिसले असते तर मी प्रत्येक डबी उघडायला लावली असती, मग तक्ता काहीही म्हणो. अपेक्षित आकडा आधी काढा, मग मोजा. नुसत्या मर्यादेशी ताडून पाहिलं तर ढिला जोड "पास" होऊन जातो.

उपाय. अर्थची तारही २.५ ची केलीत तर एकूण ०.९९ येतो, अजून थोडा जास्तच. ४ चौरस मिलिमीटरची केलीत तर ०.८७, चालेल. लोडला सुरुवातीचा मोठा धक्का नसेल, म्हणजे मोटर वगैरे नसेल, तर सी काढून बी-१६ लावा. बी जातीला ५ पट म्हणजे ८० अँपिअर पुरतात, मर्यादा २.८७ ओहम, तिचे दोन तृतीयांश १.९. सर्वांत कमी तोडफोड यातच आहे. आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच, लावणं हाही मार्ग आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

मी इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतोय. फॉल्ट करंट थेट का मोजत नाहीत? मी टोंग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) मेन अर्थच्या तारेभोवती लावला तर ०.३ अँपिअर दिसले. हाच अर्थ फॉल्ट करंट का?

नाही, आणि हा गोंधळ आताच मिटलेला बरा.

फॉल्ट झालेला नाही तोवर फॉल्ट करंट नसतोच. झाला तर किती येईल, एवढंच आपण आधी काढतो. लूप मोजायची आणि २३० ला तिने भागायचं. लूप ०.५ ओहम असेल तर ४६० अँपिअर. मुद्दाम फेज अर्थला टेकवून "बघू एमसीबी पडते का" असं कधीही करू नकोस. मी ते करणारे लोक पाहिलेत. बोर्डाजवळ लूप ०.०५ ओहमची असली तर तो करंट ४,६०० अँपिअर असतो, आणि तो तुझ्या हाताएवढ्या अंतरावर ठिणगीच्या रूपात असतो.

तू पाहिलेले ०.३ अँपिअर हा गळतीचा करंट आहे. थोडी गळती निरोगी जोडणीतही असते, कारण संगणक आणि तत्सम उपकरणांतले फिल्टर काही मिलिअँपिअर अर्थकडे सोडतातच. पण ३०० मिलिअँपिअर बरेच झाले. आधी मेन स्विच बंद करून बघ. करंट तरीही राहिला तर तो बाहेरून येतोय. गेला, तर एकेका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र टोंगच्या जबड्यात घे. दोघांचे करंट एकमेकांना रद्द करतात, उरतो तो त्या सर्किटमधून बाहेर पळणारा. माझा पहिला संशय असेल की कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. मग परतीचा करंट दोन वाटांनी वाटला जातो आणि अर्थच्या तारेतून कायम थोडा वाहत राहतो. सर्किट बंद कर, न्यूट्रल बोर्डावरून सोडव, उपकरणं काढून टाक आणि न्यूट्रल ते अर्थ ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा विरोध मोजायचं मीटर) लाव. १ मेगओहमच्या खाली आला तर चोर सापडला.

आमचा लूप टेस्टर मेन पॅनेलजवळ एकदा ०.०४, एकदा ०.०७, मग ०.०२ दाखवतो. आणि शेवटच्या सॉकेटवर "नो ट्रिप" मोडमध्ये ०.९, तर जास्त करंटच्या मोडमध्ये ०.६. टेस्टर खराब आहे का?

टेस्टर बहुधा चांगला आहे. तो काय करतो ते समजलं की हे आकडे कोड्यात टाकत नाहीत.

टेस्टर आधी फेज-अर्थमधला व्होल्टेज मोजतो. मग ठरावीक विरोध, समजा १० ओहम, एक-दोन सायकलपुरता त्या दोघांमध्ये जोडतो आणि व्होल्टेज किती पडला ते बघतो. पडलेला व्होल्टेज भागिले करंट म्हणजे लूप. लूप ०.५ ओहम असेल तर २२ अँपिअरला ११ व्होल्ट पडतात, मोजायला सोपं. लूप ०.०५ असेल तर पडतात फक्त १.१ व्होल्ट. नेमक्या त्याच क्षणी पलीकडे कुणाची मोटर सुरू झाली आणि पुरवठाच अर्धा व्होल्ट हलला, तर आकडा ०.०२ ने चुकतो. तुमचे ०.०२ ते ०.०७ यातून येतात. प्रोबचं टोक किती दाबलं, लीडचा विरोध शून्य करून घेतला का, यानेही तेवढाच फरक पडतो. पॅनेलजवळ पाच-सहा वेळा मोजा, लोड शांत असताना मोजा, आणि तिथे नेहमी काम असेल तर चार तारांचा, मोठ्या करंटचा टेस्टर घ्या.

ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ आणखी एक अडचण. तिथे तारेच्या साध्या विरोधापेक्षा, म्हणजे रेझिस्टन्सपेक्षा, वाइंडिंगच्या चुंबकत्वामुळे येणारा विरोध, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स जास्त असतो. समजा रेझिस्टन्स ०.०२ आणि रिअ‍ॅक्टन्स ०.०४ ओहम. खरा इम्पिडन्स ०.०४५. पण साधा टेस्टर लोड म्हणून रेझिस्टर लावतो, त्यामुळे त्याला मुख्यतः ०.०२ च दिसतात. तो फॉल्ट करंट ११,५०० अँपिअर सांगतो, प्रत्यक्षात तो ५,१०० च्या आसपास असतो. ब्रेकरची तोडण्याची क्षमता निवडताना ही चूक सुरक्षित बाजूला पडते. ब्रेकर वेळेत पडेल का हे ठरवताना मात्र धोक्याच्या बाजूला. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ होतात, म्हणून कशासाठी मोजलं तेही नोंदीत लिहा.

आता नो ट्रिप. २२ अँपिअर अर्थकडे सोडले की आरसीसीबी पडणारच, म्हणून या मोडमध्ये टेस्टर १५ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी करंट सोडतो. ०.५ ओहमवर त्याने पडणारा व्होल्टेज असतो ७.५ मिलिव्होल्ट, तोही २३० व्होल्टच्या गोंगाटात. म्हणून टेस्टर बराच वेळ घेऊन सरासरी काढतो. शिवाय काही आरसीसीबींच्या आतल्या रचनेमुळे कमी करंटच्या चाचणीत आकडा काही दशांश ओहमने फुगतो. तुमचा ०.३ चा फरक त्यातलाच वाटतो. खात्री अशी करा: पुरवठा बंद करून बोर्डावर त्या सर्किटचे फेज आणि अर्थ जोडा, सॉकेटवर लो-ओहम मीटरने दोघांमधला विरोध मोजा, त्यात झेडई मिळवा. बेरीज ०.६ च्या जवळ आली तर तोच आकडा लिहा. आणि मोजून झालं की ती जोडणी आठवणीने काढा. खरं तर ही बंद अवस्थेतली चाचणी लूप टेस्टरच्या आधीच व्हायला हवी. अर्थची तार तुटलेली असेल तर ते जिवंत पुरवठ्यावर शोधण्याची वेळ येऊ नये.

आमच्या कारखान्यात अर्थ पिटचा (जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडचा) विरोध ०.८ ओहम आहे, दर वर्षी मोजतो. मग लूप वेगळी मोजायची गरज काय?

मी एका वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथल्या ड्रिलिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात अशी कामगारांची तक्रार. रजिस्टर पुढे आलं. सात वर्षांचे पिटचे आकडे, सगळे १ ओहमच्या आत, सुवाच्य अक्षरात. मी मशीनच्या बॉडीवर लूप मोजली, ४१ ओहम. म्हणजे पूर्ण फॉल्ट झाला तरी जेमतेम ५.६ अँपिअर, मागे सी-२० एमसीबी. माग काढत गेलो तर मशीनच्या स्विचबॉक्सवर अर्थच्या तारेचा लग (टोकाची धातूची कडी) रंगावरच बसवलेला होता. मशीनला नवा रंग दिला तेव्हा कुणी तो खरवडला नाही. स्क्रूच्या आट्यांतून जेवढा स्पर्श होत होता तेवढाच. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळलं. ०.६२ ओहम. पिटचा आकडा त्या दिवशीही ०.८ च होता.

पिटचा विरोध म्हणजे इलेक्ट्रोड आणि जमीन यांच्यातला. तो दोन खुंट्या ठोकून, व्होल्टेजची खुंटी करंटच्या खुंटीच्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर ठेवून मोजतात. पुरवठा करणाऱ्याकडून अर्थची धातूची वाट आलेली असेल, तर फॉल्टचा करंट मुख्यतः त्याच वाटेने जातो आणि पिटचा लूपशी फार थोडा संबंध उरतो. तशी वाट नसेल, करंटला मातीतूनच परत जायचं असेल, तर तुमचा पिट आणि ट्रान्सफॉर्मरचा पिट दोन्ही लूपमध्ये येतात. दोन्ही मिळून २० ओहम झाले तरी करंट ११.५ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. तिथे आरसीसीबीला पर्याय नाही.

दर वर्षी पिट मोजता ते चालूच ठेवा. त्याच रजिस्टरात प्रत्येक मशीनसाठी एक रकाना वाढवा.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे, तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबते आणि ती पडते. मग अर्थिंगची काळजी उरली नाही ना?

बटण दाबता हे उत्तम, सोडू नका. पण ते बटण आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट पाठवतं. यंत्रणा हलते एवढंच त्यातून कळतं. घराला अर्थिंग मुळीच नसलं तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडेल.

अर्थिंग शाबूत असेल तर गीझरमध्ये दोष आल्याक्षणी आरसीसीबी पडते, तेव्हा तिथे कुणी नसलं तरी. अर्थिंग नसेल तर गीझरची बॉडी फेजवर चढून तशीच राहते आणि करंटला वाट मिळते ती पहिल्यांदा हात लावणाऱ्या माणसातून. मग आरसीसीबी पडेल, बहुधा जीवही वाचेल, पण शॉक बसल्यावर. ३० मिलिअँपिअरसाठी अर्थचा विरोध गणिताने १,६६७ ओहमपर्यंत चालतो, कारण ५० व्होल्ट भागिले ०.०३. तरी २०० च्या वर गेलेलं अर्थिंग मी भरवशाचं धरत नाही. माती सुकली की ते कुठे जाईल सांगता येत नाही. वायरमनला लूप मोजायला सांगा, आणि आरसीसीबी रेटिंगच्या करंटला ३०० मिलिसेकंदांत, पाचपट करंटला ४० मिलिसेकंदांत पडते का तेही बघायला सांगा.

झेडई मोजताना मेन अर्थची तार सोडवावी लागते का?

हो. ती न सोडवता मोजलं तर पाण्याचे पाइप, इमारतीचं लोखंड असे शेजारचे मार्गही मोजमापात येतात आणि आकडा फसवा चांगला दिसतो. पण तार सोडवण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, कारण तेवढा वेळ अख्ख्या जोडणीला अर्थ नसतो. आलेल्या फेजवर आणि सोडवलेल्या तारेवर मोजा. मग तार परत जोडा, हाताने ओढून बघा, आणि कुलूप काढण्याआधी तिथेच पुन्हा एकदा मोजा. आता आकडा पहिल्याइतका किंवा त्याहून कमी यायला हवा. दोन्ही आकडे वेळेसह लिहा, आणि मगच मेन चालू करा.